पहिली वीस मिनिटं

रंगनाथराव मूळचे मनमाडचे. सारी नोकरी रेल्वेच्या वाफेच्या इंजिनांत गेली आणि जयपूरच्या शेडमधून फिटर म्हणून निवृत्त झाल्यावर ते तिथेच राहिले. १९८४ साली मी जयपूरच्या छावणीत कॅप्टन होतो. माझी जुनी एमजी, दोन माणसांची इंग्रजी स्पोर्ट्स गाडी, त्यांनी सहा महिने खपून नव्यासारखी उभी केली. आणि आठशे किलोमीटरांत ती टकटक करायला लागली.

इंजिन उघडलं तर कॅमशाफ्ट झिजलेला. हा दांडा फिरताना त्याच्यावरचे उंचवटे इंजिनाच्या झडपा उघडतात. ते उंचवटेच बसले होते. मी जात्याच तापट. राजा पार्कातल्या भगवान टर्नरने तो दांडा भरून, घासून, कडक करून दिला होता. मी तडक त्याच्या दुकानात गेलो आणि चार गिऱ्हाइकांदेखत त्याच्या कामाला कच्चं म्हणालो. छावणीतलं एकही काम यापुढे तुला मिळणार नाही, असंही सुनावलं. त्याचं निम्मं दुकान छावणीवर चालायचं. तो नुसता हात पुसत राहिला.

रंगनाथरावांना हे कळलं तेव्हा ते म्हणाले, "साहेब, मला आधी बघू तरी द्यायचं. माणसाच्या पोटावर पाय देताय तुम्ही."

दोन दिवस ते त्या इंजिनाला चिकटून होते. कॅमशाफ्टवर कानस चालवून पाहिली. ती नुसती घसरत होती. "पोलाद कडक आहे. भगवानचं काम चोख." स्प्रिंगा तपासल्या, ठीक. तेलाची वाट मोकळी. मग गाडीबरोबर आलेलं इंग्रजी पुस्तक त्यांनी मला वाचायला लावलं. नवा कॅमशाफ्ट घातल्यावर इंजिन पहिली वीस मिनिटं जोरात पळतं ठेवावं, असं त्यात होतं. हळू चाललं तर खालचं तेल उडून कॅमशाफ्टला पुरेसं लागत नाही.

"परत वाचा," ते म्हणाले. मी परत वाचलं.

त्यांचा चेहरा उतरला. मलाही तो दिवस आठवला. गाडीला हार घातला होता, नारळ फोडला होता, आणि रंगनाथरावांनी इंजिन तासभर अगदी हळू गुरगुरत ठेवलं होतं. मी रेस द्यायला गेलो तर माझा हात धरला होता. थंड इंजिनाला एकदम ताणायचं नाही, तास न् तास बेताबेताने ऊब द्यायची, हे वाफेच्या माणसाच्या हाडीमांसी खिळलेलं. त्याच मायेने कॅमशाफ्ट खाल्ला होता.

"जाऊ द्या," मी पुस्तक मिटत म्हटलं. "दुसरा करून घेऊ. कुणाला सांगायची गरज नाही."

"भगवानला आहे," ते म्हणाले आणि चपला घातल्या.

दुकानात गर्दी होती. तिथेच उभं राहून रंगनाथराव म्हणाले, "भगवानजी, काम आपका पक्का था. इंजन मैंने खराब किया."

इतका मोठा माणूस मी पलटणीतही पाहिला नव्हता. माझी मान खाली गेली. मग मीही माफी मागितली. त्यांच्या मागून मागणं सोपं होतं.

भगवानने दुसरा कॅमशाफ्ट करून दिला. इंजिन जोडून झाल्यावर रंगनाथरावांनी किल्ली त्याच्याच हातात ठेवली. "आप चलाइए. मेरे हाथ की आदत नहीं जाएगी."

इंजिन गरजलं. आणि रंगनाथराव दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून वीस मिनिटं तिथे उभे राहिले.