मायच्या अंगणातल्या पोट्ट्या

मागच्या महिन्यात एक मुलगी मोबाइल घेऊन माझी मुलाखत घ्यायला नागपुरात सक्करदऱ्याच्या घरी आली होती. बसल्या बसल्या म्हणाली, "मॅडम, तुम्ही सतरा सिनेमांत भिजल्या आहात. मी मोजलं." म्हटलं, बाई, मोजायचंच होतं तर माझी सर्दी मोजायची. तो पाऊस टँकरचा असायचा, बर्फासारखा गार, आणि माझी भिजायची पाळी यायची ती हिरोचा चहा झाल्यावर. दिग्दर्शक ओरडायचा, "थरथरू नका, लाजा." दातावर दात वाजत असताना लाजायचं कसं, ते मला जमलं आणि त्यावर माझी पंधरा वर्षं निघाली.

तर मी 'तसली' नटी होते. माझ्या तोंडावर हा शब्द कुणी बोलत नाही, म्हणून मीच बोलते. न्हाव्याच्या दुकानात माझं कॅलेंडर असायचं, ट्रकच्या मागे माझे डोळे. बर्डीवरच्या टॉकीजला माझा दोन मजली कटआउट लागला होता, त्यातली कंबर पेंटरनं स्वतःच्या मनानं काढलेली. एवढ्याशा कंबरेवर मी उभी तरी राहिले असते का? मुंबईत शुद्ध भाषा शिकवणाऱ्या एका बाईंनी माझं मले-तुले सहा महिन्यांत घासून काढलं. राग आला की अजूनही बाहेर पडतं. कामाची मला लाज नाही. भूमिका बेताच्याच होत्या, पण नाच खणखणीत होता, आणि तो मी कुठल्या क्लासात नाही, याच गल्लीत भुलाबाईपुढे शिकले.

विदर्भाबाहेरच्यांना हे सांगावं लागतं. भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत आमच्याकडे घरोघरी भुलोजी-भुलाबाईच्या मातीच्या मूर्ती बसतात. संध्याकाळी गल्लीतल्या पोट्ट्या टिपऱ्या घेऊन एकेका घरी जातात, गाणी म्हणतात आणि शेवटी त्या घरची खिरापत ओळखतात. डबा झाकलेला. घरची बाई तो कानाशी हलवते, गोड का तिखट एवढंच सांगते. ओळखल्याशिवाय झाकण निघत नाही. माझी माय यात उस्ताद होती. वाजणारी वस्तू ओल्या फडक्यात बांधायची, न वाजणाऱ्या वस्तूत दोन सुपाऱ्या टाकायची. पोट्ट्या नुसत्या जेरीला यायच्या. वडील लवकर गेले, माय लोकांच्या साड्यांना फॉल लावून घर चालवायची. तिला कुठे जाणं नाही, येणं नाही. पण त्या महिनाभरात गल्लीतल्या झाडून साऱ्या पोरी आमच्या अंगणात यायच्या आणि हलायचं नाव घ्यायच्या नाहीत. त्या दिवसांत माय फार सुंदर दिसायची.

माझं नाव झालं त्याच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षी एक शूटिंग रद्द झालं, म्हणून मी न कळवता भुलाबाईच्या दिवसांत घरी आले. मूर्ती बसलेली, दिवा लावलेला, डबा झाकून तयार. डावीकडच्या घरी पोट्ट्यांची गाणी ऐकू आली. मग उजवीकडच्या घरी. आमचं फाटक काही वाजलं नाही.

"काहून येऊन नाही राहिल्या वं?" मी विचारलं.

"येतीन," माय म्हणाली.

आल्या नाहीत. मायनं डबा उघडला आणि सगळ्या सांजोऱ्या गाईला घातल्या. खोदून खोदून विचारलं तेव्हा बोलली. बर्डीच्या टॉकीजवर माझं ते ओल्या साडीतलं चित्र लागलं, तेव्हापासून पोट्ट्यांना आमच्या अंगणात यायची बंदी होती. तीन वर्षं ही बाई रोज नवीन खिरापत करत होती, रोज गाईला घालत होती आणि मला पत्रात लिहीत होती, सगळं ठीक आहे. माझ्या पायीच हे झालं. आणि संताप कशाचा आला सांगू? त्याच बायांच्या साड्या फॉल लावायला आमच्या खाटेवर पडलेल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी म्हटलं, नाही येत तर नाही, आपण दोघी म्हणू. पदर खोचला, टिपऱ्या काढल्या आणि अंगणात उतरले. नको नको म्हणता म्हणता मायलाही सूर सापडला. आता जो नाच लोक तिकीट काढून पाहायचे, तो अंगणात फुकट चाललेला. दहा मिनिटांत गल्लीतले यच्चयावत बाप्ये आमच्या कुंपणाला लटकले. त्यात शाळेचे मास्तर होते, पोस्टातले काका होते, एक तर जेवता जेवता उठून आलेला, हात खरकटा. मग त्यांना ओढून न्यायला त्यांच्या बाया आल्या. बायांच्या मागे पोट्ट्या आल्या. अर्ध्या तासात अख्खी गल्ली आमच्या फाटकाशी उभी.

मायनं डबा उचलला, समोरच्या काकूंच्या कानाजवळ नेला आणि हलवला. या काकू सगळ्यांत कडक, पहिली बंदी त्यांनीच घातलेली. नवऱ्याचा दंड धरून उभ्या होत्या. डब्यातून आवाज आला नाही. काकूंनी मान फिरवली. मायनं पुन्हा हलवला. भुलाबाई खेळून मोठी झालेली बाई ती, कानाशी डबा हलवल्यावर किती वेळ गप्प बसणार?

"गोड का तिखट?" काकूंनी विचारलंच.

"धड गोड नाही, धड तिखट नाही."

"शिंगाडे हायेत. उकडले अन् फडक्यात बांधले."

"ओळखली बाप्पा," माय म्हणाली आणि झाकण काढलं. पोट्ट्या फाटक ढकलून आत घुसल्या. शिंगाडे सोलून सोलून अंगणभर टरफलं झाली. मला वाटलं, चला, घोडं गंगेत न्हालं.

तिसऱ्या दिवशी दुपारी काकू एक साडी घेऊन आल्या. मी आतल्या खोलीत होते, पण सगळं ऐकू येत होतं. "पोट्ट्या येतीन," त्या म्हणाल्या. "मी साऱ्याइले सांगून देते. पण तुमची पोरगी घरी असन तवा नाही. कुंपणावर आमचेच माणसं चढते, अन् पोट्ट्या ते पाह्यते. बरं दिसते काय?" मायनं काकूंची साडी उलगडून पाहिली. मग "बरं" म्हणाली आणि फॉलचं कापड मोजायला लागली.

काकू गेल्या तशी मी मायवर तुटून पडले. मुंबईची सगळी शुद्ध भाषा उडाली. "बरं काय म्हणतं वं? तुले त्या पोट्ट्या पाहिजे का मी पाहिजे?"

"पोट्ट्या," माय म्हणाली. ती सुईत दोरा ओवत होती, मान वर केली नाही. "तू आली काय अन् नाही आली काय, तू माहीच आहेस. त्या आल्या नाही तं त्या माह्या कोणीच नाही."

मी त्याच संध्याकाळच्या गाडीनं गेले. पुढची बारा वर्षं भुलाबाईच्या महिन्यात मी नागपुरात पाय ठेवला नाही. दिवाळीला यायचे, आखाडात यायचे. माय मला भरपूर खाऊ घालायची आणि पोट्ट्यांच्या गोष्टी सांगायची, कुणाचं लग्न ठरलं, कुणी दहावी काढली, यंदा कोणती खिरापत कुणालाच ओळखता आली नाही. मी हूं हूं करायचे आणि मनातून जळायचे, खोटं कशाला बोलू? तोवर माझं भिजणंही संपलं होतं. पस्तिशीनंतर हिरोच्या वहिनीची कामं आली, मग त्याच्या आईची.

तेराव्या वर्षी कोजागिरीला चार दिवस असताना फोन आला. विमानानं आले, तरी उशीर झाला. पुढच्या खोलीत मायला खाली निजवलं होतं आणि तिच्याभोवती फ्रॉकातल्या, दोन वेण्यांच्या पंधरा-वीस पोट्ट्या बसल्या होत्या. रडून रडून त्यांची नाकं लाल झाली होती. शेवटचं पाणी मायला काकूंच्या नातीनं पाजलं, हे मला दारातच कळलं. मी आत गेले तेव्हा एकीनंही माझ्याकडे वळून पाहिलं नाही. काय करावं ते सुचेना, तशीच उभी राहिले. शेवटी काकूंची नात डोळे पुसत म्हणाली, "तुमी आजीच्या कोण?"

"पोरगी," मी म्हटलं.

तिनं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. तिला ते फारसं खरं वाटलं नसावं. पण ती सरकली, आणि मायच्या उशाशी तिनं मला बसण्यापुरती जागा करून दिली.