तीनशे कॅनची यादी

आमच्या कॉलनीत एकी फार. इतकी की ती भिंतीवर रंगवून ठेवावी लागते. उदगीरला स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावरून आत वळलं की पहिल्याच भिंतीवर "आम्ही सारे एक" असं लाल रंगात लिहिलेलं होतं. त्याच भिंतीला लागून कोण स्कूटर लावणार यावरून दोन घरं वर्षभर एकमेकांशी बोलत नव्हती.

एकतीस घरं. मी एका धान्याच्या वखारीत भांडारपाल होतो. पोती मोजणं हा माझा धंदा, त्यामुळे घरंही मोजूनच सांगतो.

दुष्काळाचं ते वर्ष. लातूरला आगगाडीनं पाणी आलं, आणि आमच्या कॉलनीला लातूरच्या तहानेपेक्षा त्या आगगाडीचाच जास्त राग आला. लातूर जिल्ह्याचं गाव म्हणून त्याला गाडी, आम्ही तालुक्याचं म्हणून आम्हाला काही नाही, असा सगळ्यांचा हिशेब. उदगीर जिल्हा झाला की पाणी येणार, याबद्दल कुणालाच शंका नव्हती. मी शाळेत असताना लातूर वेगळा जिल्हा झाला होता. तेव्हा वर्गात पेढा मिळाला, नळ मात्र पूर्वीसारखाच आला. हे मी एकदा बोलून दाखवलं, तर मला जिल्ह्याचा विरोधक ठरवलं.

कॉलनीचे अध्यक्ष सरकारी खात्यातून निवृत्त झालेले. सगळे त्यांना साहेब म्हणत आणि ते हाकेला ओ देण्याआधी क्षणभर थांबत. घरात ते आणि त्यांची बायको, दोघंच. मुलगा पुण्याला. नव्या जिल्ह्यासाठी निवेदन द्यायचं, शिष्टमंडळ न्यायचं, हे त्यांचं काम. ते निवेदन टाइप करायचं हे माझं, कारण माझ्या घरी कॉम्प्युटर होता.

त्या कॉम्प्युटरचं थोडं सांगायला हवं. एका ऑफिसानं नवे घेतले तेव्हा जुना मी मुलीच्या शिक्षणासाठी आणला. मुलगी शिकायला नांदेडला गेली, कॉम्प्युटर राहिला. बायकोनं त्यावर क्रोशाचं कव्हर विणलं, दसऱ्याला त्याला हळदकुंकू लावलं, आणि शेजारणी त्याच्या खोलीत शिरताना चपला बाहेर काढू लागल्या. वीज गेली की खालची बॅटरी टीं टीं करायची. ती ऐकून लोक अदबीनं गप्प बसायचे, जणू आत कुणीतरी विचार करतंय. माझ्या हातच्या कागदावर ज्यांनी कधी विश्वास ठेवला नाही, तेच लोक त्यातून निघालेला कागद दोन्ही हातांनी घ्यायचे. मला हे कळत होतं आणि बरंही वाटत होतं. दोन्ही खरं आहे.

टँकर दर चार दिवसांनी यायचा, सहा हजार लिटरचा. पहिल्या तीन वेळा नळीवर एवढी ओढाताण झाली की पाव टँकर तरी रस्त्याला पाजला गेला असेल. "आम्ही सारे एक" लिहिलेल्या भिंतीखालीच हे चालायचं. मग साहेबांनी बैठक घेतली. दर माणशी पाणी वाटायचं ठरलं, आणि माणसं मोजायचं काम माझ्याकडे आलं.

मी मोजली. घरोघरी जाऊन रेशनकार्ड बघितलं, पुण्यामुंबईला असलेली पोरं वजा केली, त्यावरून शिव्या खाल्ल्या. सगळं वहीत लिहिलं. दीडशे माणसं भरली. वीस लिटरचे दोन कॅन दर माणशी, म्हणजे तीनशे कॅन, म्हणजे बरोबर सहा हजार लिटर. इतका नेमका आकडा जमला की मी त्याच्याकडे बराच वेळ बघत बसलो होतो. दिवसाला माणशी दहा लिटर. त्यात कुणी मरत नाही, आणि कुणी दिमाखही दाखवू शकत नाही.

यादी कॉम्प्युटरवर घेतली. एका रकान्यात घरमालकाचं किंवा भाडेकऱ्याचं नाव, शेजारच्या रकान्यात कॅन. मी नावं घरांच्या क्रमानं घातली होती, कोपऱ्यापासून. साहेबांचं घर त्यात एकोणिसावं आलं. एकोणिसावं येणं त्यांना बरं वाटेना. ते म्हणाले की वाद नको, अक्षरांच्या क्रमानं लावा. त्यांचं आडनाव कुठल्या अक्षरानं सुरू होत होतं ते सांगत नाही, पण वाद तिथंच मिटला.

मी नावांचा रकाना निवडला आणि क्रम लावायला सांगितला. त्या यंत्रानं इंग्रजीत विचारलं की शेजारचा रकानाही सोबत हलवायचा, की निवडलाय तेवढाच? मला वाटलं, आकडे नीट आहेत, त्यांना कशाला हात लावायचा? तेवढाच, म्हटलं. नावं सरकली, आकडे जागच्या जागी राहिले. एकाच्या नावापुढे दुसऱ्याच्या घरातली माणसं बसली.

मी एकूण बघितलं. तीनशे. प्रिंट काढली आणि भिंतीवरच्या लाल अक्षरांखाली चिकटवली.

कॉलनीत बहुतेक घरं चार-पाच माणसांची. त्यांच्यात एखाद-दोन कॅनचा फरक पडला आणि त्यांनी तो पचवला. फरक मोठा पडला तो चारपाच घरांत. पहिल्या पाळीनंतर दोघं माझ्याकडे आले आणि कॅन कमी पडले म्हणाले. मी त्यांना खुर्चीही न देता यादीच्या तळाचा आकडा दाखवला. बेरीज चुकलीय का सांगा, म्हटलं. बेरीज चुकली नव्हती. ते गेले. ज्यांना जास्त मिळत होतं त्यांच्यापैकी एकही आला नाही. एवढी एकी मी त्या कॉलनीत पूर्वी कधी बघितली नव्हती.

साहेबांनी तर यादीची एक प्रत नव्या जिल्ह्याच्या निवेदनाला जोडली. निवेदनात मीच टाइप केलं होतं की आमच्या वसाहतीत पाण्याचं वाटप संगणकाद्वारे दरडोई होतं आणि ते सर्व जिल्ह्याला आदर्श आहे. कुठल्या जिल्ह्याला, ते मोकळं ठेवलं होतं.

नऊ पाळ्या गेल्या. म्हणजे छत्तीस दिवस.

दहाव्या पाळीच्या आदल्या दिवशी सकाळी कामावर निघालो तर साहेब ओटा धूत होते. पुसत नव्हते, धूत होते. बादलीनं पाणी मारून खराट्यानं ओढत होते, आणि पाणी पायरीवरून रस्त्यावर येत होतं. माझी सायकल थांबली. दोन माणसं, चार कॅन, चार दिवस, आणि ओटा. जमेना. मी विचारलं तर ते हसून म्हणाले, "नियमानं मिळतंय तेच वापरायलोय. तुमच्याच यादीतलं."

वखारीत न जाता घरी परत आलो. वही काढली, यादी काढली आणि एकेक ओळ लावत गेलो. साहेबांच्या नावापुढे अठरा कॅन होते. ते नऊ माणसांच्या घराचे. आणि मागच्या गल्लीत दोन खोल्यांत भाड्यानं राहणाऱ्या सिस्टर, सरकारी दवाखान्यातल्या, त्यांच्या घरात सात माणसं: त्या, नवरा, तीन लेकरं, सासू-सासरे. त्यांचे चौदा कॅन व्हायला हवे होते. त्यांच्या नावापुढे चार होते. दर पाळीला दहा कमी, नऊ पाळ्यांचे नव्वद. दिवसाला माणशी तीन लिटरही नाही.

आयुष्यभर वखारीत नोकरी केलेल्या माणसानं ही चूक करावी, याची मला आजही चीड येते. पोत्यांची एकूण संख्या जुळली म्हणून तुरीच्या थप्पीत हरभरा शिरला नाही असं कुणी म्हणत नाही. तिथं मी प्रत्येक थप्पीतल्या पोत्यांत टोकदार नळी खुपसून आतला दाणा बघायचो. इथं माणसं होती, तर नुसती बेरीज बघितली.

बायकोला विचारलं, आपल्याला किती कॅन मिळतात? आम्ही तेव्हा चौघं, आई-वडील धरून. आठ मिळायला हवे होते.

"दहा," ती म्हणाली.

मग सांगितलं का नाहीस?

"मला वाटलं तुमीच करून घेतलाव. यादी तुमच्या हातात, दोन कॅनचं काय एवढं."

वीस वर्षांच्या संसारात या बाईनं मला एवढंच ओळखलं होतं. तिच्यावर ओरडणार होतो. पण तिनं त्याच पाण्यात माझा शर्ट धुतला होता आणि तो माझ्या अंगावर होता.

साहेबांकडे गेलो. वही आणि यादी दोन्ही त्यांच्यापुढे धरली. त्यांनी यादी बघितली, वही बघितली नाही. त्यांचं म्हणणं, चूक झाली असेल, पण निवेदन गेलंय, त्याला ही यादी जोडलीय, पुढच्या आठवड्यात शिष्टमंडळ जातंय. आता यादी बदलली तर लोकांत फूट पडेल आणि पेपरवाले हसतील. पाऊस दोन महिन्यांवर आलाय, तोवर चालू द्यावं. सिस्टरांना काही अडचण असेल तर त्या बोलल्या असत्या.

"त्या काही बोलल्या का तुमच्याकडं?" त्यांनी विचारलं.

नाही, म्हटलं.

"मग तुम्ही कशाला उकरून काढायलात?"

त्यांचा ओटा अजून ओला होता.

त्या दिवशी संध्याकाळी मी मागच्या गल्लीत गेलो. सिस्टर इथं आल्या तेव्हा पुढच्या गल्लीतल्या दोन घरांनी आडनाव विचारून खोली नाकारली होती. हे कॉलनीत सगळ्यांना माहीत होतं, मलाही. मी काही बोललो नव्हतो, कारण खोली माझी नव्हती. शेवटी मागच्या गल्लीत मिळाली. आत भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्याखाली चार कॅन कापडानं झाकून एका रांगेत. दारात नवऱ्याची सायकल उभी, मागे दोन कॅन दोरीनं बांधलेले. तो रोज पहाटे गावाबाहेरच्या एका शेतातल्या विहिरीवर जात होता, असं नंतर कळलं. सासूबाई ओल्या फडक्यानं लहान लेकराची मान पुसत होत्या.

मी उभ्याउभ्याच सांगितलं की चूक माझी. यादी लावताना नावं हलली आणि आकडे हलले नाहीत. तुमचे चौदा, मिळाले चार. नऊ पाळ्या. नव्वद कॅन. शक्य तितक्या सरळ बोललो, कारण आकडे सांगताना माझा आवाज घसरत नाही.

सिस्टर सुपात तूर निवडत होत्या. हात थांबले नाहीत.

"चूक होती का?" त्या म्हणाल्या. "मला वाटलं, तुम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलंय."

मी म्हटलं, असं कसं ठरवू?

"कसं म्हणजे? सासूबाई म्हणायल्या, जाऊन भांड. म्हटलं, कुणाशी? एकतीस घरांशी? पुढच्या महिन्यात खोली सोडायचं बघायलो आम्ही. आगाऊ भाडं देऊन आलेत ते."

त्यांना कॉम्प्युटरची चूक आणि आमचं नेहमीचं वागणं यात फरक दिसला नव्हता. दिसावा तरी कसा? आम्ही बैठक घेऊन ठरवलं असतं तरी यादी याहून वेगळी निघाली असती, हे शपथेवर सांगणारा मला त्या कॉलनीत एक माणूस आठवेना. स्वतःला धरून.

उद्याच्या पाळीपासून चौदा मिळतील, नवीन प्रिंट काढतो, असं मी म्हणालो.

"प्रिंट नको, भाऊ. हातानं लिहा. खाली सही करा. म्हणजे कुणी लिहिलं ते तरी कळंल."

घरी येऊन कॉम्प्युटर लावला नाही. बायकोनं विचारलं, मोठ्या मुश्किलीनं वीज आलीय आणि तुम्ही शाईनं काय लिहायलाव? मी तिला सांगितलं की उद्यापासून आपले आठ. थोड्या वेळानं तिनं ओळी आखायला पट्टी आणून दिली.

सकाळी टँकर यायच्या आधी जुनी यादी फाडली आणि लाल अक्षरांखाली नवी चिकटवली. एकतीस ओळी, घरांच्या क्रमानं, कोपऱ्यापासून. साहेब एकोणिसावे, कॅन चार. खाली माझी सही. लोक जमले. हातानं लिहिलेलं बघून त्यांचा विश्वास लगेच उडाला. ज्यांचे कॅन कमी झाले त्यांना आता दरडोई वाटपात शंभर दोष दिसले. एकानं मी सिस्टरांकडे काल किती वेळ बसलो होतो ते विचारलं. साहेब आले, बघितलं, आणि शिष्टमंडळाच्या यादीतून माझं नाव काढल्याचं सगळ्यांसमोर जाहीर केलं. त्यात माझं नाव होतं हे मला तेव्हाच कळलं.

पण टँकरवाल्याला घाई होती. त्याला कागद हवा होता आणि भिंतीवर हाच कागद होता. तो वाचत गेला, नळी फिरत गेली.

सिस्टर ड्यूटीच्या पांढऱ्या साडीत आल्या. आपला आकडा बघून जातील असं मला वाटलं. त्या पहिल्या ओळीपासून वाचू लागल्या, एकेका नावावर बोट ठेवून. नावापुढचे कॅन बघत, त्या घरातली माणसं मनाशी मोजत. कॉलनीतल्या कुणाच्या घरी किती माणसं, हे त्यांना माझ्या वहीइतकंच ठाऊक होतं. निम्म्या घरांना त्यांनी इंजेक्शनं दिली होती. तळाच्या तीनशेकडे त्यांनी बघितलंही नाही. माझ्या नावावर बोट आलं तेव्हा त्या थांबल्या.

"तुम्ही चौघंच ना, भाऊ?"

हो, म्हटलं. आठ कॅन.

त्यांनी मान हलवली आणि बोट पुढच्या ओळीवर नेलं.