महजूबाच्या अंगातल्या वाफा

मोरोक्कोतल्या मेकनेस शहरात, जुन्या गल्लीतल्या हमामात, म्हणजे बायकांच्या सार्वजनिक न्हाणीघरात, महजूबाच्या हाताखालून न गेलेली नवरी शोधूनही सापडली नसती. अंगाला काळा साबण फासून, हातात खरखरीत मोजा चढवून ती अशी चोळायची की बिचाऱ्या पोरी कळवळायच्या. "रडतेस कशाला? कातडी तुझीच राहणार आहे, मळ तेवढा मी ठेवून घेते," असं वर दरडावायची. तिच्या जिभेला हाड नव्हतं आणि हाताला तोड नव्हती.

पण वर्षभरापासून तिलाच काहीतरी व्हायला लागलं होतं. सारा जन्म गरम खोलीत काढलेली ही बाई मध्येच लालबुंद व्हायची आणि काम टाकून बाहेरच्या गार फरशीवर जाऊन बसायची. बायका कुजबुजू लागल्या. हमामात जिन्न राहतात हे कोणाला माहीत नाही? त्यातलाच एखादा महजूबाला झोंबला असणार! आता अशा बाईच्या हाती आपली नवरीमुलगी कोण देईल? हे महजूबाच्याही कानावर आलं. तिचं विधवेचं घर या नवऱ्यामुलींच्या न्हाणावरच चालत होतं.

एक दिवस लग्न ठरलेल्या लुबनाला न्हाऊ घालायला सगळा गोतावळा आला. महजूबा मोजा चढवून पुढे झाली, तर लुबनाची आई तामू आडवी आली.

"वाईट वाटून घेऊ नकोस गं, पण आज दुसऱ्या कोणाला तरी चोळू दे."

"का? तुझ्या लग्नात तुला कोणी चोळलं होतं?"

"तूच. पण तुला आता... ते झोंबलंय म्हणतात."

नेमकी तेव्हाच महजूबाच्या अंगातून वाफ उसळली. तिने गार पाण्याची बादली उचलली आणि स्वतःच्याच डोक्यावर ओतली. "बिस्मिल्ला, बिस्मिल्ला" करत बायका भिंतीला चिकटल्या.

महजूबा खवळली. "जिन्नाला दुसरा उद्योग नाही वाटतं? अगं, माझी पाळी जायला लागलीय! कधी तीन-तीन महिने पत्ता नसतो, कधी थांबायचं नाव नाही. अंगातून वाफा निघतात, झोप उडते, छातीत धडधडतं. परवा चहात पुदिना नव्हता म्हणून ढसाढसा रडले मी! दवाखान्यातल्या बाईंनी तपासलं, म्हणाल्या, या वयात होतं असं. तुम्हालाही होणार आहे. काहीजणींना होतही असेल!"

अंगावर धड चिंधी नसलेल्या त्या बायका एवढ्याशा बोलण्याने लाजून चूर झाल्या.

तामूने मात्र हळूच विचारलं, "उगाच माणसांवर खेकसणं... तेही त्यातलंच का गं?"

"तर काय! माझी सुरुवातच तिथून झाली."

तामू तिच्या जवळ सरकली. "मला वाटलं, मला वेडच लागतंय. बोलणार कोणाशी? लेकीचं ठरलेलं लग्न मोडलं असतं."

लुबना मध्येच म्हणाली, "आई, म्हणजे इतके महिने माझ्यावर ओरडत होतीस, ते मुलगा तुला पसंत नाही म्हणून नव्हतं?"

"त्या बिचाऱ्याचा काय संबंध? मला तो फार आवडतो."

"आणि मी त्याला नाही म्हणून सांगणार होते. तुझ्यासाठी."

तामूने लेकीला घट्ट पोटाशी धरलं. दोघीही रडल्या. मग डोळे पुसून तिने लुबनाला महजूबापुढे बसवलं.

"चोळ गं बाई. आणि वाफ आली की खुशाल गार हवेत जाऊन बस. आम्ही थांबतो."