न जेवता गेलेली गाडी

आता मी नांदेडला राहते. दारापुढं ऑटो मिळतो, दूधवाला, गॅसवाला दिवसभर बेल वाजवत असतात आणि मी त्यांना उभ्या उभ्याच वाटेला लावते. माय असती तर यावरून तिनं माझी चांगलीच खरडपट्टी काढली असती. आमच्या गावात आलेल्या माणसाला असं पाठवून देणं कुणाला जमलंच नसतं. कारण मुळात तिथं माणूस यायचाच क्वचित.

गाव जळकोटच्या वरच्या अंगाला, डोंगरात. बाजार करून यायचं म्हणजे सकाळी निघालेला माणूस दिवेलागणीला घरी. ज्यांच्याकडं सायकल होती त्यांना ती निम्मी वाट ढकलतच आणावी लागे. गावात रेडिओ एकच, आणि त्याचे सेल संपले की पुढच्या बाजारापर्यंत जग थांबायचं. उस्मानाबादेतून फुटून लातूरचा नवा जिल्हा झाला तेव्हा नेमके सेल संपले होते. त्यामुळं काही दिवस आम्ही विनाकारण उस्मानाबादचेच राहिलो. बेलबॉटम आमच्याकडं चढून आली तोवर उदगीरच्या शिंप्यांनी ती शिवणं सोडून दिलं होतं. कुटुंबनियोजनाचा प्रचार करायला माणूस आला तेव्हा ज्यांनी त्याचं ऐकायचं त्यांना नातवंडं झाली होती. त्यांनी मात्र सगळं मन लावून ऐकलं, आणि त्याला जेवू घातलं.

जेवणाचंच सांगायचं आहे. गावात आलेला पाहुणा एका घरी जेवून सुटत नसे. वर्षातून येणार मोजके लोक, त्यातला एखादा शेजारच्या घरी जेवून गेला म्हणजे आपल्या घरात काय माणसं राहत नाहीत का, असा सगळ्यांचाच सवाल. मास्तर आमच्याकडं बहुतेक शिक्षा म्हणून बदलून यायचे. येताना कपाळाला आठ्या, आणि दिवाळीपर्यंत सदऱ्याची बटणं लागत नसत. लस टोचायला आलेल्या बाईंचं काम दुपारीच उरकलं होतं, पण गावानं त्यांना दुसऱ्या दिवशी सोडलं.

रस्ता आम्हाला दुष्काळानं दिला. त्या साली रानात काहीच नव्हतं, तेव्हा सरकारनं काम काढलं आणि अख्खं गाव खडी फोडायला बसलं. आप्पा टोपल्या वाहायचे, माय हातोडी चालवायची आणि मी म्हणे खडीच्या ढिगाच्या सावलीला झोपायची. पुढं पीकपाणी झालं, लोक आपापल्या रानात गेले. रस्ता डोंगर उतरून पार जळकोटला जाऊन भिडला होता, पण त्यावरून कितीतरी वर्षं बैलगाडीशिवाय काही आलं नाही.

गावची शाळा सातवीपर्यंत. पुढं शिकायचं तर जळकोटचं हायस्कूल. मुलगे चालत जायचे नाहीतर तिथं खोली करून राहायचे. मुलीला दोन्ही नाही. मी सातवी चांगल्या मार्कांनी पास झाले तेव्हा आप्पा म्हणाले, "गाडी चालू झाली की घालू तुला शाळेत." आमच्या गावात हे म्हणणं फार सोयीचं होतं. वाईट कुणी दिसत नव्हतं आणि करायलाही काही लागत नव्हतं. माझ्यासाठी मामाकडून स्थळाची बोलणी येऊन राहिली होती, हे मला ठाऊक होतं. मी रोज महादेवाला पाणी घालायची आणि गाडी मागायची.

आणि गाडी आली. नवा जिल्हा झाल्यावर नव्या साहेबांना हुरूप होता. एक दिवस निरोप आला की एसटी चाचणीला येणार, जमलं तर हायस्कूल उघडायच्या आत रोजची फेरी सुरू होईल. अट एकच, गाडी वेळेत जळकोटला परत पोचली पाहिजे.

गाडी सकाळीच आली. तिच्याबरोबर एसटीचे एक साहेबही होते. बायकांनी चाकांवर पाणी घातलं, बॉनेटला हळदकुंकू लावलं, जंगमांनी नारळ फोडला. इथवर ठीक होतं. मग साहेब, ड्रायव्हर आणि कंडक्टर यांना हाताला धरून आधी पाटलाच्या घरी नेलं. तिथं पोहे. शेजारी थालीपीठ. आमच्याकडं मायनं गव्हाची हुग्गी शिजवली होती, तूप घातलेली, दाट. साहेबांनी नको म्हणून हात आडवा केला तर आप्पांनी तो प्रेमानं बाजूला केला. ड्रायव्हरनं पट्टा सैल केला. ते चौथ्या की पाचव्या घरी गेले तेव्हा ऊन कलायला लागलं होतं, आणि मी मोकळ्या गाडीजवळ उभी राहून रडत होते. माझी शाळा तुपाबरोबर खाल्ली जात होती आणि ते एकट्या मलाच दिसत होतं.

साहेब निघताना ओशाळलेच होते. म्हणाले, "रस्ता बरा आहे. पण तुमच्या गावातून बाहेर पडायलाच दिवस जातो, त्याला मी काय करू?" फेरी नामंजूर झाली.

गावाला फार लागलं. त्या रात्री आप्पा जेवले नाहीत. माझ्यामुळं, असं मला तेव्हा वाटलं. मायनं मागाहून सांगितलं की एका घरी जेवायचं राहूनच गेलं म्हणून साहेबांना काय वाटलं असेल, या काळजीनं. मग चार माणसं साहेबांकडं गेली, हातापाया पडली. साहेब हसले आणि आणखी एकदा गाडी पाठवायला तयार झाले. मात्र या खेपेला गाडी वळायची आणि निघायची, असं त्यांनी बजावलं.

गावानं ते शब्दशः मनावर घेतलं. देवळात बैठक झाली. माणूस समोर दिसला की तोंडातून 'या, बसा' निघणारच, तेव्हा माणूस दिसूच नये, असं ठरलं. गाडीच्या दिवशी सगळ्यांनी दारं लावून आत बसायचं. पाण्याचा तांब्यासुद्धा बाहेर काढायचा नाही. मायनं तर चूलच पेटवली नाही. चूल पेटली की वास सुटणार, वास सुटला की ड्रायव्हर थबकणार.

गाडी आली, वळली आणि उभी राहिली. मी खिडकीच्या फटीतून बघत होते. चौकात चिटपाखरू नाही. ड्रायव्हरनं हॉर्न दिला. कंडक्टर खाली उतरला आणि लावलेल्या दारांकडं बघत ओरडला, "अरे, हाय का न्हाई कुणी गावात?" कुणी हूं की चूं केलं नाही. आमच्या घरात आप्पा कोपऱ्यात डोळे मिटून बसले होते. उपवासालाही एवढे त्रासलेले मी त्यांना पाहिले नव्हते. कंडक्टर पुन्हा गाडीत चढला. साहेबांकडं जाऊन हा आता काय सांगणार ते मला एकदम उमगलं. गावात सवारीच नाही.

मी मायला म्हणाले, "माय, गाडीला माणसं लागतेत."

माय माझ्याकडं बघतच राहिली. मग तिनं आप्पांना न विचारता कडी काढली आणि म्हणाली, "पळ."

मी पळाले. दप्तर नाही, चप्पल नाही. मी पायरीवर पाय ठेवते न ठेवते तोच मागून आप्पा आले, धोतर सावरत, कारण पोरगी एकटी गाडीत चढणं त्यांच्या डोक्यात बसतच नव्हतं. त्यांना पळताना पाहून पाटील निघाले, मग जंगम, मग दारामागून दार उघडत गेलं. बघता बघता गाडी भरली. जळकोटला कुणाचंही काहीच काम नव्हतं. कंडक्टर तिकिटं फाडत विचारत होता की आतापर्यंत कुठं होता, आणि अख्खी गाडी खालमानेनं सुटे पैसे मोजत होती. शेवटी आप्पाच बोलले, "सायेब, माफ करा, तुमाला चहा बी इचारला न्हाई."

"मग आता पोरीला घेऊन कुठं निघालात?" कंडक्टरनं विचारलं.

आप्पांनी माझ्याकडं पाहिलं. इतक्या माणसांसमोर दुसरं काही बोलायला त्यांना सुचलं नसावं. म्हणाले, "हायस्कुलात. नाव घालायला."

गाडी हलली. माय चौकात एकटीच उभी होती. घरात भाकरीचा तुकडा नव्हता, माझ्या हातात द्यायला तिच्याकडं काहीच नव्हतं. ती गाडीबरोबर थोडी पळाली आणि मोकळा हात हलवत राहिली. जन्मात कुणाला उपाशी जाऊ न दिलेल्या माझ्या मायनं त्या दिवशी मला तसंच जाऊ दिलं. मला सपाटून भूक लागली होती, आणि मी आनंदानं रडत होते.