डोंग्याचं नाक

नागपूरहून कारभार चालायचा त्या काळी श्रावणात आमच्या गावाला वाटच उरत नसे. काळ्या चिखलात बैल पोटापर्यंत रुतायचे. आई फार आजारी असल्याचा निरोप आला तेव्हा माझं माहेर नाल्यानं दोन कोसांवर, आणि नाला म्हणजे नुसती दलदल. मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, भोयाचा छोटा डोंगा, एका खोडाची कोरीव होडी, मागून आणला. एवढं चांगलं केलं माणसानं, आणि मग स्वतःच शहाणपण चालवायला बसले.

जन्म गेला बैलगाडी हाकण्यात. "पुढं भार पाह्यजे, नाई तं उलार होते," म्हणत ते टोकाला बसले. आईसाठी घेतलेला केळ्यांचा घड पुढे, पाण्याची घागर पुढे. मध्ये वल्हं घेऊन माझा नवरा, आणि बायामाणसं गाडीत बसतात तशी मी मागे. गाडी उलार झाली, मागे कलली, की जू वर उचलून बैलांचे गळे आवळतात; पण अहो, डोंगा मागे कलून कुठल्या बैलांचे गळे आवळले जाणार होते? लव्हाळ्यात शिरताच त्याचं नाक चिखलात घुसलं. मामाजींनी नवऱ्यालाही पुढे सरकवलं. नाक आणखी घुसलं!

माझं माहेर नदीकाठच्या भाजीवाल्यांचं. वांगी-मेथी आम्ही डोंग्यातूनच पैलतीरी न्यायचो, त्यामुळे चूक कुठे आहे ते मला दिसत होतं. पण लग्नाला दोन वर्षं होऊनही मी मामाजींशी एक शब्द बोलले नव्हते. सुनेनं सासऱ्यापुढे तोंड उघडायचं नाही म्हणजे नाही. मी नवऱ्याच्या पाठीत बोट खुपसून कुजबुजले, "भार मांगं घ्या म्हना ना त्याईले."

"हं," तो म्हणाला, आणि बगळे बघत बसला. असा संताप आला!

रुतायचं, ढकलायचं, पुन्हा रुतायचं. ऊन डोक्यावर येऊन कललं तेव्हा मी ओरडलेच, "मामाजी, मांगं या! नाक रुतलं हाये!"

मामाजींनी वळून पाहिलं आणि घागर उचलून ते मागे आले. नाक लगेच वर उचललं. मी नवऱ्याच्या हातचं वल्हं ओढून घेतलं. उरलेली वाट तासाभरात संपली.

आई डोळे उघडे ठेवून पडली होती. मी हाक मारली, हात धरला, पण ओळख गेली होती.

"दुपारपावतर तुमालेच इचारून राहिल्या होत्या," वहिनी म्हणाली. "आली काय, आली काय, एवढंच."

मामाजी दारात उभे होते, त्यांनीही ते ऐकलं. त्यांच्यावर मी पुढे कधी रागावले नाही. त्यांना डोंगा कळत नव्हता. मला कळत होता.