सारसच्या पोटातलं पाणी

सानगडीचे डोमाजी रामटेके कुलूप लागलं हेसुद्धा कोणाच्या शब्दावर मानत नसत. बायको वच्छला म्हणाली, "लावलं," तरी ते फाटकापासून मागे येऊन ओढून पाहत. सीलबंद ऑइलचा डबा आणला तर झाकण उघडून बोटाला लावून पाहत. गावातली माणसं हसायची. वच्छला हसत नसे. तिला कारण माहीत होतं.

गोंदिया वेगळा जिल्हा झाला त्या वर्षी डोमाजी साकोलीच्या एका गॅरेजात मिस्त्री होते. एका काळी-पिवळी जीपचं चाक बदलून झालं. सोबतचा कारागीर म्हणाला, "नट कसले," आणि डोमाजी म्हणाले, "बरं." लाखनीच्या पुढे चाक निघालं. जीप चालवत होता वच्छलाचा सख्खा भाऊ, धर्मेंद्र. तेव्हापासून त्याचा उजवा पाय आखूड राहिला. तो भंडाऱ्याला राहायला गेला, भांड्यांच्या दुकानात कामाला लागला, सणावाराला बहिणीकडे येत राहिला, पण त्या नटांबद्दल एका शब्दानं कधी बोलला नाही. तो बोलला असता तर डोमाजींना बरं वाटलं असतं.

एकसष्टाव्या वर्षी त्यांना बोटीचं काम मिळालं. वैनगंगेवरच्या धरणाचं पाणी भंडाऱ्याच्या बाजूला पसरलं होतं, आणि नागपूरच्या एका शेठनं त्यात सहलीची बोट टाकली होती. नाव 'सारस'. लोखंडी पत्र्याची, वर खुर्च्या, खाली छोटं स्वयंपाकघर, मागे इंजिन. वाढदिवस, साखरपुडे, शाळांच्या सहली. डोमाजींनी आठवड्यातून एकदा, मंगळवारी जाऊन इंजिन पाहायचं.

सकाळच्या गाडीनं सानगडीहून साकोली, तिथून भंडारा, पुढे ऑटोनं घाट. सारस काठापासून लांब, खोल पाण्यात नांगरलेली असे. तिथपर्यंत मनकर्णाबाई आपल्या डोंग्यानं, वल्ह्याच्या छोट्या होडीनं, न्यायची. पन्नाशी ओलांडलेली, हडकुळी, कमी बोलणारी बाई. तिचं गाव याच पाण्याखाली गेलं होतं. नवीन वस्तीत तिला घर मिळालं होतं आणि बोटीवर ये-जा करवायचं काम मनिषनं दिलं होतं.

मनिष हा शेठचा मॅनेजर. इस्त्रीचा शर्ट, कानाला फोन. पहिल्याच दिवशी तो म्हणाला, "काका, तुम्ही फक्त इंजिन बघायचं. जनरेटर मी बघतो. आणि पुढच्या भागातल्या फळ्या उचलायची गरज नाही. तिथं काही नसते."

डोमाजींनी मान हलवली, पण शब्द ध्यानात ठेवले. जिथं काही नाही तिथलं नाव माणूस कायले घेते, हा विचार त्यांच्या डोक्यात बसला तो बसलाच.

पहिले तीन मंगळवार सरळ गेले. फिल्टर धुतला, ऑइल बदललं, पट्टे ताणले, ग्रीस भरलं. चौथ्या मंगळवारी इंजिनाच्या खाली वाकून पाहताना त्यांना पत्र्यावर चिखलाची बारीक रेघ दिसली, टीचभर उंचीवर, सरळ, जशी टाकीत पाणी उतरल्यावर राहते. तळ मात्र कोरडा होता. नुसता कोरडा नाही, पुसलेला. कोणीतरी पाणी काढून वर फडकं मारलं होतं.

त्यांचा पहिला संशय स्वतःच्याच कामावर गेला. पंख्याचा दांडा बोटीबाहेर जातो तिथं पाणी अडवणाऱ्या ग्लँडची दोरी त्यांनीच भरली होती. त्यांनी ती काढून नवी भरली, खाली वर्तमानपत्र अंथरलं आणि तासभर इंजिन चालवलं. कागद कोरडाच राहिला.

मग डिझेल. टाकीत पट्टी घातली तर मागच्या वेळेपेक्षा चार बोटं कमी. इंजिन किती चाललं ते सांगणारं घड्याळ मात्र जागचं फार हललं नव्हतं. डोमाजींनी टाकीच्या झाकणाला काळा दोरा बांधला, अशी गाठ की ती फक्त त्यांनाच ओळखू यावी. पुढच्या मंगळवारी दोरा तुटलेला होता.

परतीच्या डोंग्यात ते मनकर्णाबाईकडे टक लावून पाहत राहिले. बोटीवर जाणारा-येणारा त्यांनी फक्त डोंगाच पाहिला होता. डोंगा तिचा.

"बाई," ते म्हणाले, "डिझेल कोन काढून राहिलं?"

तिनं वल्हं थांबवलं. डोंगा मधल्या पाण्यात तसाच उभा राहिला.

"मले इचारता?"

"तुमीच जाता-येता ना."

"मी डिझेलचं काय करू, मिस्त्री? माह्या डोंग्याले दोन हात लागतेत." तिनं वल्हं पुन्हा मारलं. मग पाण्याकडे पाहत म्हणाली, "तुमी मंगळवारी दहाले येता. सकाळी सहाले येऊन पाहा ना एखांद्या दिवशी. मंग इचारा, कोनाले इचाराचं ते."

डोमाजींना तिचा राग खरा वाटला आणि खोटाही वाटला. चोरही असाच रागावतो, असं त्यांनी वच्छलाला सांगितलं. वच्छला तांदूळ निवडत होती. म्हणाली, "मंग जाऊन पाहा. घरी बसून कोनाले चोर ठरवून राहिले?"

गुरुवारी ते भंडाऱ्याला धर्मेंद्रकडे मुक्कामाला गेले. धर्मेंद्रनं कारण विचारलं नाही. पहाटे उठून चहा केला आणि आपली स्कूटी काढून त्यांना घाटावर सोडलं. थंडीचे दिवस होते, पाण्यावर धुकं होतं. बाभळीच्या आडोशाला दोघं उभे राहिले.

सहाला जनरेटर सुरू झाल्याचा आवाज आला. धुकं थोडं हललं तसं दिसलं, सारसच्या कुशीतून मनगटाएवढी पाण्याची धार बाहेर पडत होती. वर कानटोपी घालून मनिष उभा होता. धार थांबायला चाळीस मिनिटं लागली.

"एवढं पानी रोज येते?" धर्मेंद्रनं विचारलं.

चार बोटं डिझेल पाण्याच्या पंपासाठी चालणाऱ्या जनरेटरनं प्यायलं, हे डोमाजींना कळलं होतं.

डोमाजींनी कधी न पाहिलेल्या एका छोट्या मोटरबोटीनं मनिष निघून गेल्यावर ते मनकर्णाबाईकडे गेले. ती जाळं झटकत होती.

"पाह्यलं?"

"पाह्यलं. पानी कुठून येते?"

ती जाळं खाली ठेवून उठली. "दिवाळीच्या आधी मनिषसाहेबाचे दोस्त आल्ते. साहेबच चालवत होता. त्यानं बोट पलीकडच्या अंगानं नेली, जिथं आमचं वावर होतं. तिथं माही विहीर हाये. बांधलेली, वर दोन हात कठड्याची तोंडी. उन्हाळ्यात पानी उतरलं का दिसते, नाही तं दिसत नाही. त्या विहिरीवर आदळली. मी इथून आवाज आयकला."

"सांगतलं काहून नाही?"

"कोनाले सांगू? साहेबालेच? त्याले ठाऊकच हाये." मग हळू आवाजात म्हणाली, "आनि मले काम त्यानंच देल्लं."

धर्मेंद्र दुकानावर गेला आणि डोमाजी तिच्या डोंग्यातून लगेच बोटीवर गेले. पुढच्या भागातल्या फळ्या उचलल्या. पत्रा नव्या रंगानं चकचकीत होता, पण फक्त पाटाएवढ्या जागेत. त्यांनी पेचकसाच्या टोकानं रंग खरवडला. खाली पुट्टी निघाली. पुट्टीच्या खाली पत्रा आत दबलेला, आणि दबलेल्या रेषेवर हात ठेवला तर थंडगार ओल हळूहळू वर येत होती. त्यांनी हात तिथंच ठेवला, मिनिटभर. तळहातात पाणी साचलं.

त्यांनी मनिषला फोन लावला. मनिष तासाभरात आला, फळ्या उघड्या पाहून त्याचा चेहरा बदलला, पण आवाज गोडच राहिला.

"काका, मला माहीत आहे. संक्रांतीनंतर बाहेर काढून वेल्डिंग करायचंच आहे. आत्ता सीझन आहे. पंप आहे ना, पंप चालू ठेवायचा."

"परवा रविवारी कोन येऊन राहिलं?"

"रिटायर शिक्षकांचा ग्रुप आहे, लाखनीकडचा. बायका-नातवंडं धरून चाळीस लोक."

"चाळीस लोक चढले का बोट आनखी खाली बसन. पत्र्यावर जोर येईन. पंप बंद पडला तं?"

"पडत नाही. तुम्ही फक्त वहीत लिहा, इंजिन ठीक. तेवढंच तुमचं काम."

त्यानं वही पुढं केली. पेनाचं टोपण काढून दिलं. डोमाजींनी वही घेतली नाही.

"शेठले सांगतलं का?"

"शेठ बाहेरगावी आहेत. त्यांना त्रास द्यायचा नाही," मनिष म्हणाला, आणि फोन वाजला म्हणून वर गेला.

डोमाजी इंजिनाजवळ उभे राहिले. इंजिन खरोखर ठीक होतं. महिनाभर जीव लावून त्यांनी ते ठीक केलं होतं. त्यांनी पिशवीतून पाना काढला, डिझेल पंपापासून इंजिनाकडं जाणाऱ्या चारही नळ्या सोडवल्या, टोकांना फडकी बांधली आणि पिशवीत घातल्या. मनिष वर फोनवर हसत होता.

डोंग्यात बसल्यावर मनकर्णाबाईनं पिशवीकडे पाहिलं. पिशवीतून डिझेलचा थेंब गळत होता.

"आता डिझेल कोन नेऊन राहिलं, मिस्त्री?"

"नळ्या हायेत. याच्याबिगर बोट चालत नाही."

ती वल्हं जोरात मारू लागली.

रविवारी सकाळी नऊला सानगडीत रामटेक्यांच्या घरासमोर गाडी थांबली. मनिष आणि आणखी एक दांडगा माणूस उतरले. आता मनिषच्या आवाजात गोडवा नव्हता.

"पार्ट चोरून आणले तुम्ही. चाळीस लोक घाटावर उभे आहेत."

शेजारीपाजारी दारात आले. डोमाजींना आयुष्यात कोणी चोर म्हटलं नव्हतं. वच्छला आत गेली, चारही नळ्या आणल्या आणि अंगणातल्या खाटेवर सगळ्यांना दिसतील अशा मांडल्या.

"ह्या पाहा," ती म्हणाली. "चोरानं लपवल्या असत्या."

"पोलिसात जाऊ," दांडगा म्हणाला.

"चला," डोमाजी म्हणाले. "मी बी येतो. पन आधी घाटावर जाऊ. पोलिसाले पुढच्या फळ्या उचलून दाखवाच्या, मंग नळ्या बसवून देतो."

मनिषनं खाटेकडे पाहिलं, लोकांकडे पाहिलं. नळ्या उचलायला हात पुढं केला आणि मागं घेतला. गाडी आली तशी गेली. शिक्षकांची सहल घाटावरच जेवून परतली, असं नंतर कळलं.

मंगळवारी पहाटे मनकर्णाबाईचा फोन आला. "मिस्त्री, बोट बसली. पुढून बुडाली. वरच्या खुर्च्या तेवढ्या दिसतेत."

दोन दिवस मनिष रागानं तिकडं फिरकला नव्हता. पंप कोणी चालवलाच नव्हता.

भंडाऱ्यात गोष्ट उलटी पसरली. सानगडीच्या मिस्त्रीनं सूड म्हणून बोट बुडवली, कुठला तरी नट सैल करून ठेवला. नागपूरहून शेठचा फोन आला: क्रेन येणार आहे, तुम्ही हजर राहा. आवाजावरून काही कळत नव्हतं.

क्रेन येईपर्यंतच्या दोन दिवसांत डोमाजींना जेवण गेलं नाही. ते डोळे मिटून पडत आणि आपल्या हातांनी केलेलं एकेक काम आठवत. ग्लँडची दोरी भरली, नट कसला. कसला ना? पाना फिरवल्याचं आठवत होतं, शेवटचा झटका आठवत नव्हता. आयुष्यभर दुसऱ्यांच्या हातावर ठेवलेला संशय आता त्यांच्याच हातावर येऊन बसला होता.

घाटावर माणसांची गर्दी होती. धर्मेंद्र दुकानातून सुट्टी घेऊन आला होता, न बोलावता. तारेनं ओढून काठाशी आणलेली सारस क्रेननं पुढून उचलली, पाणी धो-धो खाली पडलं, आणि तळाला दबलेला खड्डा सगळ्यांनी पाहिला. पुट्टी निघून गेली होती. फटीत बोट जाईल एवढी जागा होती. डोमाजी मात्र आधी मागच्या बाजूला धावले, ग्लँडला पाना लावून पाहिला. नट कसलेला होता. ते तिथंच चिखलात खाली बसले.

शेठ उंच, वयस्कर माणूस. त्यानं विचारलं, "हे कशावर आदळलं?"

मनिष म्हणाला, "ओंडका असेल, सर. बुडाल्यावर खाली..."

"माह्या विहिरीवर," मनकर्णाबाई गर्दीतून पुढे येऊन म्हणाली. "दिवाळीच्या आधी. हा साहेब चालवत होता. मी आवाज आयकला."

मनिषनं तिच्याकडे असं पाहिलं की तिनं पदर घट्ट धरला, पण मागं सरली नाही. शेठनं वाकून फटीत बोट घालून पाहिलं. त्यानं डोमाजींची माफी मागितली नाही. एवढंच म्हणाला, "दुरुस्ती तुमच्या देखरेखीखाली होईल. चालेल?"

"वेल्डिंग माह्या डोळ्यापुढं होईन तं चालन. आनि बाईचं काम जाऊ नये."

शेठनं दोन्ही कबूल केलं. मनिष त्या महिन्यात नागपूरला परत गेला.

परतताना डोमाजींनी मनकर्णाबाईला घाटाच्या पायरीशी गाठलं. शब्द जुळवायला त्यांना वेळ लागला. "मी तुमच्यावर डिझेलचा आळ घेतला. चुकलं माहं."

"मी बी पैलेच सांगतलं असतं तं..." ती म्हणाली आणि वाक्य सोडून दिलं. डोंगा बांधून ती वस्तीकडं निघाली.

स्कूटीजवळ धर्मेंद्र वाट पाहत होता. बराच रस्ता गेल्यावर तो पाठमोराच म्हणाला, "भाऊजी, त्या दिवशी जीपचे नट मी बी पाह्यले नव्हते. चालवनारानं बी पाहावं लागते." मागे बसलेल्या डोमाजींनी धर्मेंद्रच्या खांद्यावर हात ठेवला, आणि भंडारा येईपर्यंत तो काढला नाही.

जानेवारीत पत्रा बदलला. वेल्डर म्हणाला, "पक्कं झालं, काका." डोमाजींनी जोडाला बाहेरून खडू फासला, आतून रॉकेल लावलं आणि दुपारभर खडूवर डाग उमटतो का ते पाहत बसले. उमटला नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा फासलं.

फेब्रुवारीत लाखनीचे शिक्षक परत आले. वर पोरांचा गलका होता, चिवडा आणि चहा फिरत होता. मनकर्णाबाई पुढं उभी राहून चालवणाऱ्याला हातानं वाट दाखवत होती. डोमाजींना दोनदा वर बोलावणं आलं. ते गेले नाहीत. पुढच्या फळ्या उचलून, मांडीवर बॅटरी घेऊन ते कोरड्या पत्र्याकडे पाहत बसले होते.