फाटकाआडचा दादा

दादा गेल्याचं वहिनींनीच फोन करून सांगितलं. आवाज स्थिर होता. सकाळी चहा घेतला, पेपर उघडला आणि खुर्चीतच मान कलली... एवढं सांगून त्या म्हणाल्या, "तुम्ही या," आणि फोन ठेवला. मी राहतो त्या नानाखेड्याहून दादाचं फ्रीगंजमधलं घर काही लांब नाही, पण त्या दिवशी रस्ता संपेना. आणि रस्ताभर डोळ्यांसमोर माझा थोरला भाऊ उभा होता तो घरातल्या खुर्चीतला नव्हे, गिरणीच्या लोखंडी गजांमागचा.

नव्वदीच्या सुरुवातीला उज्जैनची ती कापडगिरणी बंद पडली. शहरात नव्या मोटारी, रंगीत टीव्ही, चौकाचौकात एसटीडीच्या टपऱ्या येऊ लागल्या होत्या, आणि त्याच सुमारास आमच्या ओळखीतली कितीतरी घरं भोंग्याविना उठायला शिकत होती. दादा तिथे आगीच्या बंबाचा इनचार्ज होता. बंब विलायती, वयाने दादाहून मोठा. त्याचे सुटे भाग जगात कुठे मिळत असतील असं कुणालाच वाटत नव्हतं. मालक रातोरात यंत्रं हलवील या भीतीने कामगार फाटकावर धरणं धरून बसले. त्यांनी नियमच केला : बाहेरच्या कुणीही आत जायचं नाही; आतल्या माणसाने हवं तर बाहेर यावं, पण मग परत आत जाता येणार नाही. आतले चौकीदार एकेक करून बाहेर पडले. दादा राहिला. गोदामात कापसाच्या गाठी होत्या आणि मागच्या भिंतीला लागून कामगारांचीच चाळ. आग लागली तर पहिली तिथे जाईल, हे त्याने मला एकदा सांगितलं होतं. बाहेर बसलेले त्याला मालकाचा माणूस म्हणत. वहिनी रोज डबा घेऊन जात. डबा गजांतून जात नसे, म्हणून तिथेच उघडून एकेक कप्पा आडवा करून आत द्यायचा. डाळ सांडायची. दादा आत उभा राहून जेवायचा, आम्ही बाहेर उभे.

उन्हाळ्यात शहराचं पाणी आटलं. चाळीचा नळ कधी यायचा, कधी नाही. गिरणीच्या आतली विहीर मात्र भरलेली होती. धरण्याचा पुढारी रामरतनजी, जुना फिटर, तो एक दिवस फाटकाशी आला आणि दुसरीकडे बघत दादाला म्हणाला की काही करता येईल का. बंब फाटकाबाहेर न्यायचा नाही असा मालकाचा हुकूम होता. दादाने बंब विहिरीपाशी लावला, पंप सुरू केला आणि कॅनव्हासचा पाइप गजांमधून बाहेर सोडला. तेव्हापासून रोज सकाळी बायका हंडे, डबे, कळशा घेऊन रांगेत उभ्या राहू लागल्या. दादा आणि त्या लोकांमध्ये तेवढं एक पाणी वाहू लागलं.

आणि मग नळी गेली. बंबाच्या डॅशबोर्डवर तेलाच्या दाबाचा काटा होता. इंजिनापासून तिथपर्यंत तांब्याची एक बारीक नळी येते. तिच्यातून आलेलं तेल काट्याला वर ढकलतं. मधल्या पत्र्याच्या भोकातून ती जात होती, तिथे घासून-घासून तडकली आणि गरम तेल दादाच्या पायावर उडालं. त्याने इंजिन बंद केलं. रांग तशीच उभी राहिली. रामरतनजीने बाहेरून भोकाला बूच मारायचं सुचवलं, "भाऊसाहब, छेद में डाट लगाओ और चलाओ. काँटा नहीं देखेंगे तो क्या पानी नहीं आएगा?"

"आएगा," दादा म्हणाला. "पर अंदर क्या चल रहा है, मुझे कैसे मालूम पड़ेगा?"

उभ्या जागी पंप ओढताना इंजिन तापतं, तेल पातळ होतं, दाब पडतो. तो वेळेत कळला नाही तर इंजिन कायमचं जाम, आणि मग पाणीही नाही आणि आगीला बंबही नाही. दादाने मला देवास गेटच्या बाजारात पाठवलं. तिथल्या फ्रिज दुरुस्तीच्या दुकानातून मी तांब्याच्या बारीक नळीचं वेटोळं आणलं. नळीची टोकं कर्ण्यासारखी पसरवायची तर त्याचं हत्यार हवं. ते रामरतनजीकडे होतं. पण तो आत जाऊ शकत नव्हता, नियम त्यानेच केलेला. म्हणून ते काम फाटकावरच झालं. दादाने जुन्या नळीचे नट काढून आणले आणि नव्या नळीवर आधी ओवले, कारण टोक पसरल्यावर ते चढत नाहीत. नळी तापवून लाल केली, पाण्यात बुडवून मऊ केली. मग आतून दादाने ती घट्ट धरली आणि बाहेरून रामरतनजीने हत्यार फिरवलं. एक टोक चिरलं. कापून पुन्हा केलं. दोघांची डोकी गजांना टेकलेली, एकमेकांचा श्वास लागेल इतकी जवळ, आणि दोघे फक्त नळीविषयी बोलत होते.

नळी बसवताना दादाने इंजिनाजवळ तिचे दोन-तीन वळसे ठेवले, धक्के सोसावेत म्हणून. पत्र्याच्या भोकात सायकलच्या ट्यूबचं रबर घातलं. इंजिन सुरू केलं आणि काट्याकडे बघत राहिला. काटा हलेना. नळीतली हवा निघायला वेळ लागतो हे त्याला माहीत होतं, तरी त्याचा हात इंजिन बंद करायच्या बटणावर होता. मग काटा हळूहळू वर चढला, थरथरला आणि थांबला. दादाने नटांवरून बोट फिरवलं. बोट कोरडं होतं. पाइप फुगला आणि बाहेर पाणी पडू लागलं.

त्या संध्याकाळी रामरतनजीने धरण्यावरच्या सगळ्यांना विचारलं आणि फाटकातला लहान दिंडी-दरवाजा उघडला. दादाला म्हणाला, आज घरी जाऊन या, सकाळी आम्हीच तुम्हाला आत सोडू. वहिनी डबा घेऊन उभ्याच होत्या. त्यांनी डबा बंद केला, पदर सावरला. दादा त्या उघड्या दारापर्यंत आला. थांबला. "पाना आतच राहिलाय," असं काहीतरी पुटपुटला आणि वळून बंबाकडे गेला. बराच वेळ वाट पाहून रामरतनजीने दार लावलं. घरी येताना वहिनी मला म्हणाल्या, "इतके दिवस मी त्या लोकांना बोल लावत होते. आज तर कुणी अडवलं नव्हतं."

पुढे गिरणी कायमची बंद झाली. गोदामातल्या गाठी उचलल्या गेल्या, बंब भंगारात गेला आणि दादा घरी आला. त्या संध्याकाळबद्दल मी त्याला कितीतरी वर्षांनी विचारलं. तो सहज बोलल्यासारखा म्हणाला, "बाहेर आलो असतो तर परत आत जावंसं वाटलं नसतं रे. ते मला माहीत होतं." आणि थोड्या वेळाने, "मग चाळीचं काय झालं असतं..."

घरी आला खरा, पण फ्रीगंजच्या घराच्या अंगणाच्या फाटकाशी आतल्या बाजूने उभं राहायची सवय त्याला लागली ती सुटली नाही. सकाळ-संध्याकाळ तिथेच. येणारा-जाणारा रस्त्यावर थांबायचा, दादा आतून बोलायचा. कुणाला "आत या" म्हणत नसे, स्वतः बाहेर जात नसे. वहिनींनी आधी रागावून पाहिलं, मग तिथे एक स्टूल ठेवलं.

मी पोहोचलो तेव्हा गल्ली भरलेली होती. गिरणीतली, चाळीतली माणसं, म्हातारा झालेला रामरतनजीही. फाटक नुसतं लोटलेलं होतं, पण एकही जण आत गेला नव्हता. दादाशी बोलायला थांबत तसे सगळे रस्त्यावरच उभे होते. शेवटी वहिनी बाहेर आल्या, त्यांनी स्टूल उचलून बाजूला ठेवलं आणि फाटक सताड उघडलं. तरी कुणी हलेना. मग त्यांनी रामरतनजीचा हात धरला आणि त्याला आत आणलं.